बुलेट ३५० (१९९४, कास्ट आयर्न इंजिन) : तेलगळतीचे मूळ कसे शोधावे?

कृष्णाकाठ (कोल्हापूर) :

नमस्कार. माझ्याकडे वडिलांनी घेतलेली १९९४ सालची बुलेट ३५० आहे. इंजिन जुन्या कास्ट आयर्न बनावटीचे, पॉईंटचे इग्निशन, चार गिअर, गिअर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या पायाला. मूळ रचनेत कोणताही बदल केलेला नाही आणि करण्याची इच्छाही नाही. गाडी एका किकमध्ये सुरू होते, आवाज स्वच्छ आहे, परंतु गेल्या पावसाळ्यापासून तेलाची गळती वाढत चालली आहे.

रात्रभर उभी केल्यावर इंजिनाखाली तळहाताएवढा डाग पडतो. इंजिनाची उजवी बाजू टॅपेट कव्हरपासून खालपर्यंत ओली असते, आणि मागच्या चाकाच्या रिमवर व टायरच्या डाव्या कडेवर तेलाचे शिंतोडे दिसतात. यापूर्वी एका गॅरेजमध्ये सगळी पॅकिंग एकदम बदलून घेतली होती. त्या वेळी प्रत्येक जोडावर सिलिकॉनचा जाड थर दिला गेला. काही आठवडे इंजिन कोरडे राहिले आणि नंतर गळती पुन्हा सुरू झाली. आता तेथील सल्ला असा आहे की संपूर्ण इंजिन उतरवून उघडावे. तसे करण्यापूर्वी जाणकारांचे मत हवे आहे. सुरुवात कोठून करावी?

निवृत्तफिटर (पिंपरी) :

इंजिन उघडण्याचा विचार तूर्त बाजूला ठेवा. आधी एका प्रश्नाचे उत्तर शोधा : गळते आहे ते तेल कोणते?

आपल्या गाडीत तीन निरनिराळी तेले तीन निरनिराळ्या कप्प्यांत असतात. इंजिनाचे ऑईल क्रँककेसच्याच (इंजिनाच्या खालच्या पेटीच्या) ओतकामात घडवलेल्या टाकीत असते. डावीकडे प्रायमरी चेन आणि क्लच ज्या केसमध्ये फिरतात, त्या केसचे तेल वेगळे. गिअरबॉक्स इंजिनाला मागून जोडलेला स्वतंत्र डबा आहे आणि त्याचे तेल तिसरे. नंतरच्या यूसीई (युनिट कन्स्ट्रक्शन) इंजिनांत हे सगळे एकाच आवरणात आले, त्यामुळे तेथे हा प्रश्न विचारावा लागत नाही. जुन्या बुलेटमध्ये मात्र या एका प्रश्नाने निम्मे काम संपते. इंजिन ऑईल वापरून काळपट झालेले असते. चेन केसमधले तेल पातळ असते आणि त्यात क्लच प्लेटांची बारीक भुकटी मिसळलेली असल्यामुळे ते बोटांत चोळल्यावर किंचित करडे दिसते. गिअर ऑईल दाट, चिकट आणि गंधकासारख्या उग्र वासाचे असते. पांढऱ्या कागदावर तिन्हींचा एकेक थेंब शेजारी शेजारी ठेवून पाहा, म्हणजे नंतर जमिनीवरचा थेंब ओळखता येईल.

त्यानंतर स्वच्छता. रॉकेल किंवा डिझेल आणि ताठ केसांचा ब्रश घेऊन इंजिन, गिअरबॉक्स, स्टँडचा भाग आणि चाकाची रिम इतकी साफ करा की कोठेही जुना चिकट थर राहणार नाही. कार्ब्युरेटरच्या तोंडात आणि पॉईंटच्या डब्यात रॉकेल जाऊ देऊ नका. इंजिन थंड असतानाच हे करा, फडक्याने पुसा आणि पूर्ण वाळू द्या. मग संशयाच्या सर्व जोडांवर टाल्कम पावडर किंवा कुटलेला खडू हलक्या हाताने भुरभुरवा. इंजिन जागेवरच मध्यम गतीने चालू ठेवून तापवा आणि बॅटरीच्या उजेडात पाहत राहा. पावडर जिथे सर्वांत आधी काळी पडते, ती जागा वहीत लिहा. जमिनीवर थेंब कोठे पडतो हे त्यानंतर पाहायचे, कारण तेल उतार शोधत खाली येते आणि गाडी धावत असताना वारा त्याला मागे ढकलतो. वरच्या एका नळीतून निघालेले तेल खालच्या शेवटच्या बोल्टवरून टपकते, आणि मग बोल्टखालचे निर्दोष पॅकिंग पुन्हा पुन्हा बदलले जाते.

गाडीखाली जुना पुठ्ठा ठेवा. त्यावर दोन्ही चाकांच्या आणि स्टँडच्या खुणा करा, म्हणजे दुसऱ्या दिवशी गाडी त्याच जागी लावून डागांची तुलना करता येईल. चालताना होणारी गळती आणि उभी असताना होणारी गळती या दोन वेगळ्या नोंदी ठेवा, कारण पुढचे निदान त्यांवर अवलंबून आहे.

सह्यवाटा (सातारा) :

माझे मत थोडे वेगळे आहे. बुलेटचे हे इंजिन मुळात जुन्या काळच्या आराखड्याचे आहे. जोड अनेक, कव्हरे अनेक, आणि पॅकिंग कागदाची. माझ्याकडेही याच बनावटीची गाडी आहे. टॅपेट कव्हराखाली ती नेहमी थोडी ओली असते. मी दर आठवड्याला तेलाची पातळी पाहतो, कमी असेल तर भरतो आणि गाडीखाली पत्रा ठेवतो. एवढ्यावर गाडीने मला कधीही रस्त्यात उभे केलेले नाही. थोडीशी गळती हा या गाडीचा स्वभाव मानावा आणि फारशी उघडाउघडी करू नये. प्रत्येक वेळी उघडताना आटे झिजतात, ॲल्युमिनियमच्या कडांवर स्क्रू-ड्रायव्हरचे ओरखडे पडतात आणि पुढची गळती तिथूनच सुरू होते.

निवृत्तफिटर :

सह्यवाटा, विनाकारण उघडू नये हे तुमचे म्हणणे मी पूर्णपणे मान्य करतो. परंतु गळती हा गाडीचा स्वभाव आहे, हे मला मान्य नाही. मी आयुष्यभर याच जातीची इंजिने हाताळली आहेत आणि नीट जुळवलेले कास्ट आयर्न इंजिन वर्षानुवर्षे कोरडे राहिलेले पाहिले आहे. कव्हराच्या कडेला धूळ धरण्यापुरता ओलावा येणे म्हणजे पाझर. तो सहन करता येतो. थेंब तयार होऊन पडणे ही गळती, आणि तिला कारण असते.

शिवाय या धाग्यातील गाडीच्या मागच्या टायरवर तेल येत आहे, ही गोष्ट सर्वांत गंभीर आहे. टायरच्या डाव्या कडेवर तेल असताना घाटातल्या डाव्या वळणावर गाडी झुकली, तर चाक सुटण्यास तेवढे पुरेसे आहे. पावसात धोका आणखी वाढतो. कृष्णाकाठ, मूळ सापडेपर्यंत प्रत्येक फेरीआधी टायरची कड साबणाच्या पाण्याने धुवा आणि गाडी घाटात नेऊ नका.

कृष्णाकाठ :

सांगितल्याप्रमाणे गाडी धुऊन, वाळवून, पावडर टाकून पाहिली. नोंदी अशा आहेत.

तेले दोन आहेत. उजव्या बाजूचे तेल काळपट आणि उग्र वास नसलेले आहे, म्हणजे इंजिन ऑईल. मागच्या रिमवरचे तेल दाट असून त्याला तोच उग्र वास आहे. ते साखळीच्या पुढच्या स्प्रॉकेटमागून येते. मी साखळीला तेल देणे काही दिवस मुद्दाम बंद ठेवले, तरीही शिंतोडे आले. त्यामुळे साखळीचेच तेल उडत असावे, ही शंका मिटली. प्रायमरी चेन केसच्या कडेवरील पावडर मात्र पांढरीच राहिली आणि लेव्हल स्क्रू काढून पाहिला असता केसमधली पातळीही वाढलेली नव्हती.

इंजिन जागेवर मंद चालू ठेवले तर उजवी बाजू बराच वेळ कोरडी राहते. आरपीएम वाढवला की टॅपेट कव्हराच्या कडेवर, टाईमिंग कव्हराच्या वरच्या जोडावर आणि रॉकर कव्हराखाली, अशा तिन्ही जागी पावडर जवळजवळ एकाच वेळी काळी पडू लागते. तीन पॅकिंग एकाच वेळी खराब कशी होतील, हे मला समजत नाही.

यंत्रवेध (नाशिक) :

तिन्ही जागा एकाच वेळी ओल्या होतात, याचा अर्थ तिन्ही पॅकिंगवर आतून एकाच कारणाने ताण येत आहे. ते कारण बहुधा क्रँककेसमधला दाब असावा.

या इंजिनाचा बोअर ७० मिलिमीटर आणि स्ट्रोक ९० मिलिमीटर आहे. म्हणून पिस्टन वरून खाली येताना त्याच्या खालची ३४६ घनसेंटिमीटर हवा क्रँककेसमध्ये दाबली जाते. ३००० आरपीएमला ही क्रिया सेकंदाला ५० वेळा होते. दोन किंवा चार सिलिंडरच्या कित्येक इंजिनांत एक पिस्टन खाली येत असताना दुसरा वर जातो आणि क्रँककेसमधले आकारमान फारसे बदलत नाही. आपल्या एकसिलिंडर इंजिनात ती सोय नाही. म्हणून ब्रीदरला, म्हणजे क्रँककेसमधली हवा बाहेर सोडणाऱ्या वाटेला, अतिशय महत्त्व आहे. ब्रीदरमधल्या रबरी झडपेला चपटे ओठ असतात. पिस्टन खाली येताना ते उघडून हवा बाहेर सोडतात आणि पिस्टन वर जाताना मिटून बाहेरची हवा आत येऊ देत नाहीत. झडप चांगली असेल तर क्रँककेसमध्ये सरासरीने थोडी पोकळी राहते आणि पॅकिंगमधून तेल बाहेर येण्याऐवजी उलट आत ओढले जाते. रबर कडक झाले, ओठ चिकटले किंवा नळी चिमटली, की हवेला बाहेर पडायला पॅकिंगच्या फटीच उरतात. त्या हवेबरोबर तेलही येते. मंद चालीत कोरडे आणि वाढत्या आरपीएमला ओले, ही तुमची नोंद याच्याशी जुळते.

तपासणी सोपी आहे. ब्रीदरची नळी सोडवा, रॉकेलने धुवा आणि आरपार उजेड दिसतो का ते पाहा. झडपेत एका बाजूने फुंकल्यावर हवा जायला हवी आणि दुसऱ्या बाजूने अडायला हवी. नवी झडप बसवल्यानंतरही नळीच्या तोंडातून निळसर धूर सतत आणि जोराने येत असेल, तर पिस्टनच्या रिंगा किंवा बोअर झिजून ज्वलनातले वायू खाली उतरत आहेत असे समजावे. तसे असेल तर बोअरचे काम केल्याशिवाय कोणतेही पॅकिंग टिकणार नाही.

कृष्णाकाठ :

यंत्रवेध साहेब, आपले निदान बरोबर ठरले. रबरी झडप लाकडासारखी कडक झाली होती आणि तिचे ओठ पूर्ण मिटत नव्हते, पूर्ण उघडतही नव्हते. शिवाय नळी फ्रेम आणि बॅटरीच्या पेटीमध्ये चिमटून चपटी झाली होती. नवी झडप आणि तेल सहन करणारी नवी नळी बसवली. नळीचा मार्ग बदलून तिला कोठेही पीळ किंवा दाब येणार नाही असे पाहिले. नळीच्या तोंडाशी सौम्य वाफ आहे, सतत धूर नाही. त्यामुळे बोअरबद्दलची काळजी सध्या तरी मिटली.

त्यानंतर टायर धुऊन, कोल्हापूरच्या आसपासच्या सपाट रस्त्यांवर बरेच अंतर एका गतीने गाडी चालवली. टाईमिंग कव्हराचा जोड कोरडा राहिला, रॉकर कव्हरेही कोरडी राहिली. टॅपेट कव्हराभोवती मात्र अजून तेल आहे. ते पूर्वीपेक्षा कमी आहे, पण थेंब तयार होतो. टॅपेट कव्हराचे पॅकिंग बदलू का?

निवृत्तफिटर :

अजून बदलू नका. टॅपेट कव्हर सिलिंडरच्या उजव्या बाजूला तळाशी आहे. त्याच्या वर काय काय आहे, ते आधी पाहा. टाईमिंग बाजूकडून हेडकडे रॉकरना (झडपा उघडणाऱ्या दांड्यांना) तेल नेणाऱ्या बारीक नळ्या जातात. त्या हेडला पोकळ बोल्टने जोडलेल्या असतात आणि प्रत्येक जोडात नळीच्या डोक्याच्या दोन्ही बाजूंना एकेक तांब्याचा वॉशर असतो. तिथून पाझरलेले तेल सिलिंडरच्या पंखांमधून खाली उतरते आणि टॅपेट कव्हराच्या वरच्या कडेवर साचते. पंखांच्या खोबणीत ते दिसत नाही, म्हणून दोष नेहमी टॅपेट कव्हरावर येतो.

खात्री करण्यासाठी पोकळ बोल्टच्या खाली पंखांवर स्वच्छ पांढऱ्या सुती कापडाची चिंधी घट्ट गुंडाळा. साखळीपासून व सायलेन्सरच्या बेंडपासून ती लांब राहील याची काळजी घ्या आणि गाडी रस्त्यावर न नेता जागेवरच इंजिन तापवा. टॅपेट कव्हर कोरडे राहून चिंधी भिजली, तर उत्तर मिळाले.

तसे निघाल्यास बोल्ट आणखी आवळण्याचा मोह टाळा. तो पोकळ आणि आडव्या भोकाचा असतो. जास्त जोर लावला तर भोकापाशी तुटतो आणि त्याचा तुकडा हेडमध्ये अडकतो. तांब्याचा वॉशर एकदा दाबला गेला की कडक होतो आणि पुन्हा वापरल्यास नीट बसत नाही. नवे वॉशर घ्या. नवे मिळेपर्यंत जुने वापरायचे असतील तर ते पकडीत धरून मंद लाल होईपर्यंत तापवा आणि पाण्यात टाका. पोलाद असे केल्याने कडक होते, तांबे मऊ होते. मग काचेवर बारीक पॉलिश पेपर ठेवून वॉशरच्या दोन्ही बाजू सपाट करा. नळीच्या डोक्याच्या आणि हेडच्या बैठकीवर ओरखडा असेल तर तोही बारीक पेपरने काढा. हे काम करताना नळीच्या भोकात भुकटी जाऊ देऊ नका.

मांडवीतीर (फोंडा) :

धागा काळजीपूर्वक वाचत आहे. माझी अडचण याच्याशी संबंधित आहे, म्हणून येथेच विचारतो. आमच्याकडे गोव्यात पावसाळ्याचे चार महिने माझी बुलेट बहुतांश काळ उभीच असते. गणेश चतुर्थीच्या सुमारास ती सुरू केली की सायलेन्सरमधून पांढुरका-निळा धूर येतो आणि ब्रीदरच्या नळीतून अक्षरशः ओंजळभर तेल बाहेर पडते. त्यानंतर ती व्यवस्थित चालते. सुरू करण्यापूर्वी डिपस्टिकवर तेल अगदी खाली दिसते, म्हणून मी भर घालतो. इतके तेल जाते कोठे?

यंत्रवेध :

मांडवीतीर, भर घालणे आधी थांबवा. तेल कोठेही गेलेले नसते, ते केवळ जागा बदलते. या इंजिनात तेलाची टाकी क्रँककेसच्या मागच्या भागात असते आणि क्रँक फिरतो तो कप्पा वेगळा असतो. एक पंप टाकीतले तेल बेअरिंगकडे पाठवतो आणि दुसरा पंप क्रँकच्या कप्प्यात उतरलेले तेल टाकीत परत आणतो. परतीच्या पंपाची क्षमता पुरवठ्याच्या पंपापेक्षा जास्त ठेवलेली असते, त्यामुळे चालत्या इंजिनात क्रँकचा कप्पा जवळजवळ रिकामा राहतो. गाडी आठवडेच्या आठवडे उभी राहिली की पंपाच्या झिजलेल्या फटींतून टाकीतले तेल हळूहळू त्या कप्प्यात उतरते. डिपस्टिक टाकीत असल्याने पातळी कमी दिसते. आपण भर घालता, इंजिन सुरू होताच फिरणारे फ्लायव्हील साचलेल्या तेलात आपटतात, तेल ब्रीदरमधून बाहेर फेकले जाते आणि रिंगांवरून वर चढून जळते. वर टाकीतही आता गरजेपेक्षा अधिक तेल झालेले असते.

दीर्घकाळ उभी असलेली गाडी सुरू करण्यापूर्वी क्रँककेसच्या खालचा ड्रेन प्लग काढून साचलेले तेल स्वच्छ भांड्यात घ्यावे. ते खराब झालेले नसेल, पाणी धरून दुधाळ झालेले नसेल, तर गाळून टाकीत परत ओतता येते. गोव्याच्या दमट हवेत दुधाळ निघण्याची शक्यता बरीच आहे, तेव्हा ते टाकून नवे भरलेले चांगले. पातळी नेहमी इंजिन काही मिनिटे चालवून, बंद करून, लगेच पाहावी. एका रात्रीतही बरेच तेल उतरत असेल तर पंपाच्या सरकत्या पृष्ठभागांची झीज तपासावी लागेल. ते काम मात्र अनुभवी माणसाकडूनच करून घ्यावे, कारण पंप उघडताना वर्मचा (पंप फिरवणाऱ्या आटेदार गिअरचा) नट उलट्या आट्यांचा आहे हे न जाणणारे लोक तो तोडतात.

मांडवीतीर :

मनःपूर्वक आभार. दरवर्षी मी तेल ‘कमी’ समजून भरत होतो, त्यामागचे कारण आज प्रथमच कळले.

कृष्णाकाठ :

चिंधी भिजली, टॅपेट कव्हर कोरडे राहिले. दोष पुढच्या बाजूच्या पोकळ बोल्टपाशी होता. वॉशर एका कडेने जास्त दाबला गेला होता आणि नळीच्या डोक्याखाली सिलिकॉन लावलेले होते. नवे वॉशर घालून, बैठक साफ करून, हाताने शेवटपर्यंत फिरवून मग लहान पान्ह्याने आवळले. उजवी बाजू तेव्हापासून पूर्ण कोरडी आहे.

याच वेळी इंजिन ऑईल बदलले, तेव्हा एक चिंताजनक गोष्ट आढळली. तळाच्या जाळीत सिलिकॉनचे लांबट धागे आणि तुकडे अडकलेले होते. फेल्टच्या फिल्टरवरही काही होते. हे किती गंभीर मानावे?

निवृत्तफिटर :

फार गंभीर मानावे आणि वेळीच दिसले याबद्दल समाधान बाळगावे. कव्हर आवळल्यावर सिलिकॉनचा जादा थर जितका बाहेर येतो तितकाच आतही येतो. बाहेरचा आपण बोटाने पुसतो, आतला तेलात तुटून पडतो. या इंजिनात तेल टाईमिंग कव्हरमधल्या बारीक वाटांनी कनेक्टिंग रॉडच्या मोठ्या बेअरिंगकडे जाते. एक तुकडा त्या वाटेत अडकला तर ते बेअरिंग काही किलोमीटरमध्ये निकामी होते. म्हणून ज्या जोडातून तेलाची वाट जाते, तिथे सिलिकॉन कधीही लावू नये, असे मी माझ्या प्रत्येक शिकाऊ मुलाला पहिल्याच दिवशी सांगत असे.

जाळी धुवा, नवा फिल्टर घाला, थोडे अंतर चालवून तेल पुन्हा काढा आणि जाळी पुन्हा पाहा. तुकडे येणे थांबेपर्यंत असे करत राहा. तेल वाया गेले तरी चालेल.

सह्यवाटा :

मग जोड बंद करायचा कशाने? जुनी कव्हरे वाकलेली असतात, नुसत्या कागदी पॅकिंगने ती बसत नाहीत, म्हणूनच लोक सिलिकॉन वापरतात.

निवृत्तफिटर :

कव्हर वाकलेले असेल तर ते सरळ करावे. वाकलेपणा जाड थराने भरून काढता येत नाही. जाड काचेचा सपाट तुकडा घ्या, त्यावर बारीक पॉलिश पेपर ठेवून थोडे पातळ तेल सोडा आणि कव्हराची कड इंग्रजी आठच्या आकारात हलक्या हाताने फिरवा. काही फेऱ्यांनंतर उचलून पाहा. जिथे घासलेली चमक आहे ती उंच जागा आणि जिथे जुना काळपटपणा राहिला आहे ती खोलगट. सर्वत्र सारखी चमक येईपर्यंत घासत राहा. मोठे कव्हर किंवा जास्त वाकलेली कड असेल तर कोल्हापुरात तुम्हाला अडचण येऊ नये. शिवाजी उद्यमनगरात सरफेस ग्राइंडर असलेली वर्कशॉप आहेत आणि असले काम तेथे नेहमीचे आहे. बोल्टच्या भोकांभोवती धातू फुगून वर आलेला असतो, तो आधी काढायला विसरू नका, कारण कड सपाट असूनही पॅकिंग त्या फुगवट्यांवरच अधांतरी राहते.

एवढे झाल्यावर योग्य जाडीचे कागदी पॅकिंग, दोन्ही बाजूंना ग्रीसचा अगदी पातळ हात, आणि बोल्ट समोरासमोरचे जोडीने थोडे थोडे आवळणे पुरते. तेलाची वाट नसलेल्या जोडावर न वाळणारे लेप द्रव्य कागदासारखे पातळ लावायला माझी हरकत नाही. आणखी एक महत्त्वाचे : त्या काळच्या पॅकिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते. जुने पॅकिंग कोरडे खरवडू नका, वायर ब्रशने घासू नका. तेलाने किंवा पाण्याने ओले करून बोथट पात्याने काढा आणि कचरा पिशवीत बंद करा.

सह्यवाटा :

पटले. माझ्या गाडीचे टॅपेट कव्हर या रविवारी काचेवर घेऊन पाहतो.

कृष्णाकाठ :

आता उरला गिअरबॉक्स. स्प्रॉकेटपर्यंत पोहोचण्यासाठी काय काय काढावे लागेल आणि सील घेताना काय पाहावे?

निवृत्तफिटर :

काम किचकट नाही, पण वेळखाऊ आहे, कारण गिअरबॉक्सचे स्प्रॉकेट क्लचच्या मागे लपलेले असते. डावा फूटरेस्ट आणि ब्रेक पेडल बाजूला करा. चेन केसचे बाहेरचे कव्हर मध्यभागी एकाच नटवर बसलेले असते. त्याखाली रुंद ट्रे ठेवून ते सोडवा आणि कडेच्या रबरी सीलला ताण देऊ नका. मग प्रायमरी चेन, इंजिनाचे स्प्रॉकेट आणि क्लच, मग केसची आतली बाजू, आणि शेवटी साखळीचे स्प्रॉकेट. क्लच काढायला पुलर लागतो. हातोडीने ठोकून तो काढू नये, कारण त्याचा धक्का गिअरबॉक्सच्या बेअरिंगला बसतो.

सील काढण्यापूर्वी ते किती खोल बसले होते ते मोजून ठेवा. सीलवर आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि रुंदी छापलेली असते. पुण्याच्या नाना पेठेत किंवा तुमच्या गावातल्या बेअरिंगच्या दुकानात ती तीन मापे सांगितली की सील मिळते. गिअरबॉक्सच्या तापमानाला नायट्राइल रबर पुरेसे आहे. बसवताना बारीक स्प्रिंग असलेली बाजू तेलाकडे ठेवा, लिपवर (सीलच्या आतल्या रबरी ओठावर) ग्रीस लावा आणि सीलच्या बाहेरच्या व्यासाएवढ्या पाईपच्या तुकड्याने ते सरळ आत ढकला. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे लिप ज्या गोलाकार भागावर टेकते, तो नखाने तपासा. जुन्या सीलने तिथे खाच पाडलेली असेल तर नवे सीलही गळेल.

दुसरी शक्यताही लक्षात ठेवा. या गिअरबॉक्समध्ये मुख्य शाफ्ट एका पोकळ गिअरच्या आतून बाहेर येतो. त्या दोघांमधले बुश (आधार देणारी धातूची नळकांडी) झिजले तर तेल सीलला वळसा घालून शाफ्टच्या कडेने थेट क्लचकडे येते. पूर्वी या डब्यात तेलाऐवजी अर्धवट पातळ ग्रीस भरत असत, ते यामुळेच. आणि गिअर ऑईल भरताना लेव्हल प्लगच्या वर थेंबभरही भरू नका. जादा तेल कोणत्याही सीलमधून वाट काढते.

कृष्णाकाठ :

काम पूर्ण झाले आहे. सील फाटलेले नव्हते, पण त्याची लिप कडक होऊन चकचकीत झाली होती. ज्या भागावर ती टेकत होती, तिथे नखाला स्पष्ट लागणारी खाच निघाली. नवे सील मूळ जागेपेक्षा सुमारे दीड मिलिमीटर बाहेर बसवले, म्हणजे लिप खाचेवर न येता चांगल्या धातूवर टेकते. सील बसते त्या खोबणीत तेवढी जागा आहे आणि स्प्रॉकेट घासत नाही, हे हाताने फिरवून पाहिले. बुशमध्ये थोडा ढिलेपणा आहे, पण क्लचकडे तेल आल्याची खूण नव्हती, म्हणून ते या वेळी बदलले नाही. गिअरबॉक्स लेव्हल प्लगपर्यंतच भरला. पूर्वी तो बराच जास्त भरलेला निघाला होता.

चेन केसचे रबरी सील नवे घातले. तेल बदलून काही अंतर चालवल्यावर जाळी पुन्हा उघडली, तेव्हा सिलिकॉनचे दोन बारीक कण मिळाले. त्याच्या पुढच्या वेळी जाळी स्वच्छ होती. त्यानंतर गाडी पन्हाळ्याला जाऊन आणली. जाताना-येताना मिळून ४० किलोमीटरच्या आसपास अंतर, त्यात चढाचा भाग आहेच. मागची रिम कोरडी, टायर कोरडा, उजवी बाजू कोरडी. प्रायमरीच्या खालच्या कडेला पुठ्ठ्यावर वाटाण्याएवढा एक डाग आहे. तो केस उघडताना सांडलेल्या तेलाचा असावा, म्हणून तेथे पुन्हा पावडर टाकून ठेवली आहे. पावडर काळी पडली तर येथेच कळवेन.

या सगळ्यात चार-पाच लिटर जळके तेल जमले आहे. त्याचे काय करावे?

यंत्रवेध :

गटारात किंवा मोकळ्या जमिनीवर ओतू नका, आणि लाकडांना लावण्यासाठी किंवा पेटवण्यासाठी कोणी मागितले तरी देऊ नका. २०१६ च्या धोकादायक व इतर कचरा नियमांत वापरलेले तेल समाविष्ट आहे आणि ते अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्यांकडेच जायला हवे. मोठी सर्व्हिस सेंटरे आपले जळके तेल अशा ठिकाणी देतात. झाकणाच्या कॅनमध्ये भरून तेथे नेऊन द्या. रॉकेल मिसळलेले धुण्याचे तेल मात्र वेगळ्या कॅनमध्ये ठेवा आणि देताना तसे सांगा.